सनबीम बोटीवरची वही



आपल्यापैकी पुष्कळ जणी गटाच्या सहलीला जाऊन आल्या आहेत. कुणी पंढरपूर-तुळजापूर केलं, कुणी गणपतीपुळ्याला जाऊन पहिल्यांदा समुद्र पाहिला. परत आल्यावर चार दिवस त्याच गप्पा चालतात. घाटात कुणाला उलट्या झाल्या, कुणाची चप्पल लाटेनं नेली, कुणाच्या डब्यातली चटणी सगळ्यांना पुरली. मग पेरणी येते, लग्नसराई येते आणि सहल मागे पडते. वर्षभरानं विचारलं तर नीट कुणालाच आठवत नाही.

आज आम्ही एका फार जुन्या सहलीची गोष्ट सांगणार आहोत. दीडशे वर्षं होत आली, पण ती अजून विसरली गेलेली नाही. नवरा-बायको, त्यांची मुलं आणि काही मित्रमंडळी अशी ती सहल, आणि तीही स्वतःच्या बोटीतून, भूमध्य समुद्रात.

आधी हा समुद्र कुठे आहे ते पाहू. मुंबईहून बोट पश्चिमेला निघाली की अरबी समुद्र ओलांडून एडनला पोचते. तिथून तांबडा समुद्र लागतो, मग इजिप्त देशातला सुएझ कालवा. कालवा संपला की भूमध्य समुद्र. एका बाजूला युरोप, दुसऱ्या बाजूला आफ्रिका आणि पूर्वेच्या टोकाला आशिया. तीन खंडांच्या मधे अडकलेलं पाणी म्हणून त्याचं नाव भूमध्य. सुएझ कालवा १८६९ साली उघडला. त्याआधी विलायतेच्या बोटींना हिंदुस्थानात यायला आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालावा लागे.

आपल्या गोष्टीतल्या बाईचं नाव अ‍ॅना ब्रॅसी. आपण तिला अ‍ॅनाबाई म्हणू. तिचा जन्म १८३९ सालचा, इंग्लंडमधला. आई लहानपणीच वारली. १८६० साली तिचं लग्न थॉमस ब्रॅसी यांच्याशी झालं. सासरे रेल्वेचे फार मोठे कंत्राटदार होते. इंग्लंड, फ्रान्सपासून पार कॅनडापर्यंत त्यांनी लोहमार्ग बांधले. घरात पैसा आला तो तिथून. त्या मार्गांवर फावडी-कुदळी चालवणाऱ्या हजारो मजुरांच्या घामाचा वाटा त्यात होता, हेही आपण ध्यानात ठेवू.

थॉमसना समुद्राचं भारी वेड. त्यांनी पार्लमेंटचं काम सांभाळून बोटीच्या कप्तानाची सरकारी परीक्षा दिली आणि पास केली. अ‍ॅनाबाईला मात्र बोट लागायची. आपल्याला एसटी लागते ना, अगदी तशी. लाटा उसळल्या की तिला उठून बसवत नसे. तरी ती जात राहिली, आणि बरं वाटलं की लिहीत राहिली. प्रवासातून ती घरच्यांना लांबलचक पत्रं पाठवी. १८६९ साली या जोडप्यानं ‘मिटिऑर’ नावाच्या बोटीतून भूमध्य समुद्राची फेरी केली. त्या फेरीचं वर्णन घरच्यांपुरतं आणि ओळखीपाळखीपुरतं छापलं गेलं. तिची लेखिका म्हणून सुरुवात ही अशी घरगुती होती.

मग १८७३ साल आलं. त्यांची कॉन्स्टन्स नावाची चार वर्षांची मुलगी लाल तापानं गेली. घरात तिला लाडानं ‘सनबीम’ म्हणत. सनबीम म्हणजे उन्हाची तिरीप. पुढच्या वर्षी नवी बोट पाण्यात उतरली, तेव्हा तिला हेच नाव दिलं. बोटीच्या नाकाशी सोनेरी मुलामा दिलेली लाकडी मूर्ती होती. बोट केव्हाच मोडीत गेली, मूर्ती मात्र लंडनमधल्या ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. आईचं दुःख माणसांत बोलून दाखवायची रीत त्या घरात असो वा नसो, बोटीला हाक मारली की मुलीचं नाव तोंडी येणारच.

ही सनबीम केवढी होती? चार एसटी गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल, साधारण तेवढी. रुंदी सत्तावीस फुटांच्या आसपास. तीन डोलकाठ्या आणि शिडं, वारा पडला तर चालवायला कोळशाचं इंजिन. मोठ्या प्रवासी आगबोटींपुढे ती लहानच. पण तेवढ्यात १८७६ साली जगाची फेरी करायला निघताना त्रेचाळीस माणसं होती, शिवाय दोन कुत्री, तीन पक्षी आणि एक मांजराचं पिल्लू. आता विचार करा, एवढ्या माणसांचं जेवणखाण, धुणंभांडी, लहान मुलांचं आजारपण, आणि खाली सगळा वेळ हलणारी जमीन. मालकांनी डेकवर बसून सूर्यास्त पाहायचा, तर कुणीतरी खाली भट्टीत कोळसा टाकत असतं. अ‍ॅनाबाईच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. जगफेरीच्या तिच्या पुस्तकात बोटीवरच्या नोकरमाणसांची यादी दिली आहे. त्यात खलाशी आहेत, स्वयंपाकी आहेत आणि मुलांना सांभाळणारी दाईसुद्धा आहे, नावानिशी.

पण आज आपल्याला जगफेरी सांगायची नाही. सनबीमच्या भूमध्य समुद्रातल्या दोन फेऱ्या सांगायच्या आहेत. पहिली १८७४ सालची, दुसरी १८७८ सालची. दोन्ही वेळा ही मंडळी एका शहरात जाऊन पोचली. तेव्हा त्याला कॉन्स्टॅन्टिनोपल म्हणत, आज आपण इस्तंबूल म्हणतो. तुर्की सुलतानाची ती राजधानी.

पहिल्या वेळी सगळं झगमगीत होतं. सामुद्रधुनीच्या दोन्ही काठांवर संगमरवरी महाल, मशिदींचे मनोरे, वल्ह्यांच्या चिंचोळ्या होड्यांची ये-जा. सुलतान अब्दुल अझीझ गादीवर होता. शुक्रवारी तो नमाजाला निघे तेव्हा बघ्यांची गर्दी होई. खानदानी तुर्की घरांत बायकांचा भाग वेगळा असे आणि तिथे परक्या पुरुषाला पाऊल टाकता येत नसे. पुरुष प्रवाशांनी त्याबद्दल जे लिहिलं ते बहुतेक ऐकीव. बाई असली तर तिला आत जाता येई, बसून बोलता येई. घराच्या आतला इतिहास लिहायचा तर बाईच लागते, हे तुम्हाला आम्ही वेगळं सांगायला नको.

त्यानंतरच्या चार वर्षांत काय काय झालं पाहा. १८७५ साली तुर्की सरकारला कर्जाचे हप्ते झेपेनात. महालांसाठी, आरमारासाठी परदेशातून कर्ज काढलं होतं, ते अंगावर आलं. आपण बचत गटवाल्या, आपल्याला हे लगेच समजेल. १८७६ साली सुलतानाला गादीवरून खाली ओढलं आणि थोड्याच दिवसांत तो मेला. १८७७ साली रशियाशी युद्ध सुरू झालं आणि पुढच्या वर्षी तुर्कस्तान हरलं. खर्च भागवायला सरकारनं कागदी नोटा छापल्या, त्यांची किंमत घसरत गेली. लढाईच्या मुलखातली लाखो माणसं घरदार सोडून पळाली. बैलगाड्यांवर, आगगाडीच्या टपांवर बसून ती राजधानीत आली. आया सोफिया ही तिथली जगप्रसिद्ध इमारत तेव्हा मशीद होती. तिच्या फरशीवर निर्वासित बायकामुलं झोपत होती आणि त्यांच्यात साथीचा ताप पसरला होता.

१८७८ च्या अखेरीला सनबीम पुन्हा तिथे आली. चार वर्षांपूर्वी जिथे ऊन होतं तिथे आता वादळ होऊन गेलेलं अ‍ॅनाबाईला दिसलं. दोन्ही फेऱ्यांवर मिळून तिनं जे पुस्तक लिहिलं, ते १८८० साली निघालं. त्याचं नावच ‘पूर्वेकडचं ऊन आणि वादळ’ अशा अर्थाचं आहे. बरोबर आलेल्या एका मित्रानं काढलेली चित्रं त्यात आहेत.

आम्हाला या पुस्तकाची खरी किंमत वाटते ती या दुसऱ्या फेरीमुळे. एकदाच जाणारा प्रवासी म्हणतो, शहर सुंदर आहे किंवा गरीब आहे. दोनदा जाणाऱ्याला कळतं की शहर असं नव्हतं, असं झालं. तसं का झालं, असा प्रश्न मग आपोआप पडतो, आणि इतिहास तिथून सुरू होतो. आपल्या गावची नदी बारा महिने वाहत होती की नाही, हे नुसतं आज पाहून कसं कळणार? आधी पाहिलेलं कुणीतरी सांगावं लागतं.

या दुसऱ्या फेरीत मंडळी सायप्रस बेटावरही उतरली. युद्ध संपताना इंग्रजांनी सुलतानाशी करार करून हे बेट आपल्या ताब्यात घेतलं होतं. जुलै महिन्यात तिथे फौज उतरली. भर उन्हाळा, तंबूत राहणं, आणि ताप. शिपाई भराभर आजारी पडले. हा ताप खराब हवेमुळे येतो असंच तेव्हा डॉक्टरसुद्धा मानत. तो डासांमुळे पसरतो याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना आपल्याच देशात, सिकंदराबादला मिळाला, पण तो १८९७ साली.

आता इथे आपला धागा येतो. त्याच १८७८ साली, रशियाला धाक बसावा म्हणून, इंग्रज सरकारनं मुंबईहून सुमारे सात हजार हिंदी सैनिक बोटींत भरून भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर नेले. त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. त्यातल्या काही तुकड्या पुढे सायप्रसला गेल्या. म्हणजे ज्या समुद्रात सनबीम हौसेनं फिरली, त्याच समुद्रात थोडे महिने आधी आपल्या इलाख्यातले शिपाई हुकमानं नेले गेले होते. पाणी तेच, बेट तेच.

अ‍ॅनाबाईनं बोटीवर काय पाहिलं, ती कधी आजारी पडली, हे आज वाचता येतं. त्या शिपायांपैकी एखाद्याच्या घरी, देशावर किंवा कोकणात, त्याची बायको पहाटे जात्यावर बसली असेल. समुद्रापलीकडे गेलेल्या धन्यासाठी तिनं ओवीही म्हटली असेल. ती ओवी दळणाबरोबर पिठात गेली. तिच्या घरात वही नव्हती आणि असती तरी तिला अक्षर शिकवलेलं नव्हतं. दोघींमधला फरक हुशारीचा नव्हता. एकीला वही मिळाली, दुसरीला मिळाली नाही.

अ‍ॅनाबाई काही आपल्यासाठी लिहीत नव्हती. ती राज्यकर्त्या देशातली, पार्लमेंटच्या सभासदाची बायको. सायप्रस इंग्रजांनी घ्यावं की नाही, हे बेटावरच्या बायकांना कुणी विचारलं नव्हतं. डेकवरून जेवढं दिसतं तेवढं तिला दिसलं. पण तिनं पाहिलेलं लिहून ठेवलं, म्हणून तिला काय दिसलं नाही तेही आज आपल्याला शोधता येतं.

तिनं नुसतं लिहिलं असंही नाही. जखमी माणसाला डॉक्टर येईपर्यंत कसं सांभाळायचं, हे सामान्य लोकांना शिकवणारी सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स ही संस्था १८७७ साली इंग्लंडमध्ये निघाली. अ‍ॅनाबाई तिच्या कामात मनापासून पडली आणि जाईल तिथे या शिक्षणाचा प्रचार करू लागली. आपल्या आशाताई पट्टी बांधायला शिकवतात, त्याच वाटेचं हे काम.

१८८७ साली सनबीम मुंबईला आली आणि तिथून पुढे ऑस्ट्रेलियाला गेली. परतीच्या वाटेवर अ‍ॅनाबाईला हिवतापानं गाठलं. १४ सप्टेंबर १८८७ ला ती बोटीवरच गेली. वय सत्तेचाळीस. जमीन लांब होती, म्हणून तिला समुद्रातच निरोप दिला. शेवटच्या प्रवासाची तिची वही पुढे १८८९ साली पुस्तक होऊन निघाली.

बोट मात्र तिच्यामागे चाळीस वर्षं टिकली. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ही हौसेची बोट जखमी सैनिकांसाठी भूमध्य समुद्रात गेली. १९१६ मध्ये म्हाताऱ्या थॉमसनी ती दवाखान्याची बोट म्हणून हिंदुस्थान सरकारला देऊन टाकली. १९२९ साली ती मोडीत काढली. चार वर्षांच्या लेकीचं नाव शेवटपर्यंत तिच्यावर होतं.

मैत्रिणींनो, या गोष्टीवरून आम्ही आमच्या केंद्रात एक दोनशे पानी वही सुरू केली आहे. तुमच्या गटातही एक ठेवा. हिशेबाच्या वहीशेजारीच राहू दे. तिच्यात मोठमोठं लिहायला नको. तारीख, गावाचं नाव, आपण कुठे गेलो, काय पाहिलं, काय बदललं, कोण आजारी पडलं आणि कुणी डबा आणला. जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं, शेजारच्या लेकीनं लिहावं. घरातल्या म्हाताऱ्या आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतील, तर त्यांना पहिलं पान द्या. आणि गणपतीपुळ्याला पुन्हा जाल तेव्हा मागची पानं काढून बघा, समुद्र तेवढाच जवळ आहे की पुढे सरकला आहे.

वहीतलं एखादं पान आमच्याकडे पाठवा. तुमच्या नावानं इथे वाचून दाखवू.

नमस्कार.