ससेक्सच्या टेकडीवरील छत्री

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ससेक्स परगण्यात पुतळ्यांना तोटा नाही. ब्रायटन शहरात शिल्पकार चँट्रे याने घडविलेला चौथ्या जॉर्ज राजाचा पुतळा १८२८ पासून उभा आहे. व्हिक्टोरिया राणी तर ब्रायटनला एकदा आणि शेजारच्या होव्ह गावी पुन्हा एकदा दर्शन देते. या दोन गावांच्या शिवेवर, समुद्राच्या काठी, सातव्या एडवर्डच्या स्मरणार्थ १९१२ साली पंख असलेली शांतिदेवता स्थापन करण्यात आली. त्यानंतर दोनच वर्षांनी महायुद्ध पेटले! परंतु या परगण्यातील ज्या स्मारकाची ओळख आपल्या वाचकांना करून द्यावयाची आहे, त्यात मूर्ती नाही आणि ते भर वस्तीतही नाही.

१९१४ च्या हिवाळ्यात फ्रान्सच्या रणांगणावरील जखमी हिंदी शिपाई ब्रायटनला येऊ लागले. चौथ्या जॉर्जनेच हौसेने बांधविलेला, हिंदुस्थानी धर्तीच्या घुमटांचा 'रॉयल पॅव्हिलियन' राजवाडा त्यांच्यासाठी इस्पितळ झाला. निरनिराळ्या जातिधर्मांचे आचार सांभाळले जावेत म्हणून तेथे नऊ स्वयंपाकघरे चालत. हिंदू व मुसलमान यांचे पाण्याचे नळही वेगळे होते. या व्यवस्थेमागे भूतदया होती तितकेच राजकारणही होते. गावोगावची सैन्यभरती शिपायांच्या घरी पोचणाऱ्या वार्तांवर अवलंबून होती, हे सरकार पुरते ओळखून होते.

जे वाचले नाहीत त्यांपैकी मुसलमानांचे दफन सरे परगण्यातील वोकिंगजवळ होई. हिंदू व शीख यांचे देह मात्र पॅचम गावावरील उघड्या टेकडीवर नेत. तेथे सिमेंटचे ओटे बांधून त्यांवर चिता रचल्या जात. डिसेंबर १९१४ पासून १९१५ अखेरपर्यंत ५३ जणांना तेथे अग्नी देण्यात आला. गंगा किंवा गोदा तेथे कोठून असणार? त्यांची रक्षा समुद्राला अर्पण झाली.

या जागी स्मारक व्हावे ही सूचना ऑगस्ट १९१५ मध्ये हिंदी वैद्यकीय सेवेतील लेफ्टनंट दास गुप्ता यांनी ब्रायटनचे नगराध्यक्ष जॉन ऑटर यांच्याकडे केली आणि ऑटर यांनी ती तडीस नेली. आराखडा मुंबईचे तरुण स्थापत्यकार ई. सी. हेन्रिक्स यांचा, त्यावर देखरेख जयपूरच्या वास्तूंमुळे ख्यातनाम झालेल्या सर स्विंटन जेकब यांची. सिसिलीच्या शुभ्र संगमरवराची, आठ खांबांची व २९ फूट उंचीची ही छत्री आहे. चितांचे ओटे मोडण्यात आले नाहीत. त्यांवर ग्रॅनाइटच्या तीन शिळा बसविल्या. युवराज एडवर्ड यांच्या हस्ते १ फेब्रुवारी १९२१ रोजी अनावरण झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅव्हिलियनचा गुजराती धर्तीचा नवा दरवाजा पतियाळाच्या महाराजांनी खुला केला.

इंदूरला खान नदीच्या काठी होळकरांच्या छत्र्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना छत्रीचा मान कोणाला मिळतो हे सांगावयास नको. तो राजेरजवाड्यांचा. येथे तो साध्या शिपायांना मिळाला, आणि हीच या स्मारकाची थोरवी आहे असे आम्हांस वाटते. मात्र राजाच्या छत्रीखाली कोण आहे हे सर्वांना ठाऊक असते. या छत्रीवर कृतज्ञतेचा व बंधुभावाचा लेख कोरला गेला, पण शिपायांपैकी एकाचेही नाव त्यात नव्हते! दुसऱ्या महायुद्धात टेकडीवर फौजांचा सराव चाले. त्या काळात संगमरवरावर गोळ्यांच्या खुणा उमटल्या. त्या पुढे दुरुस्त झाल्या. नावांना मात्र विलंब लागला. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने त्या ५३ जणांची नावे कोरलेले स्मारक छत्रीजवळ उभारले ते २६ सप्टेंबर २०१० रोजी, म्हणजे अनावरणानंतर तब्बल ८९ वर्षांनी.

आता दर जून महिन्यात तेथे स्मरणाचा समारंभ होतो. छत्रीपर्यंत गाडीरस्ता जात नाही. शेवटची चढण पायीच चढावी लागते.