पादचारी, मोटार आणि न्यायालयाचे अंतर : बोदवडच्या संदर्भात

पूर्व खानदेशातील बोदवड हे गाव दोन सीमांच्या सान्निध्यात वसलेले आहे. पश्चिमेस भुसावळ आणि त्याच्याही पलीकडे जिल्ह्याचे ठाणे जळगाव. पूर्वेस मलकापूर, म्हणजे वऱ्हाडातील बुलढाणा जिल्हा. उत्तरेस मुक्ताईनगर ओलांडले की बऱ्हाणपूर, म्हणजे मध्य प्रदेश. धुळे-जळगाव-नागपूर-कलकत्ता हा राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा क्रमांक ६, आताचा ५३) मुक्ताईनगर आणि मलकापूर या गावांवरून जातो. बाजारहाट, मजुरी, दवाखाना, सोयरीक अशा निमित्तांनी येथील माणूस या सीमा नित्य ओलांडतो, आणि त्या प्रवासाचा काही भाग तो पायीच करतो. अशा माणसास मोटारीने धडक दिली, तर त्याने दाद कोठे मागावयाची, किती दिवसांत मागावयाची आणि कोणाच्या साहाय्याने मागावयाची, हे तीन प्रश्न प्रस्तुत लेखाचा विषय होत.

मोटार अपघातविषयक कायद्याचा इतिहास सामान्यतः भरपाईच्या वाढत्या रकमांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो खोटा नव्हे, परंतु अपुरा आहे. भरपाईचा हक्क आणि भरपाईपर्यंत पोहोचण्याची वाट या दोन भिन्न गोष्टी आहेत. हक्क बहुधा विस्तारत गेला. वाट मात्र कधी रुंदावली, कधी अरुंद झाली. पायी चालणाऱ्याच्या दृष्टीने या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व पहिलीहून कमी नाही.

आरंभीच्या काळात ही वाट दिवाणी न्यायालयातूनच जात होती. अपघातात मृत्यू आल्यास वारसांना दावा करण्याचा अधिकार १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाने दिला. हा अधिनियम इंग्लंडमधील १८४६ च्या कायद्याच्या धर्तीवर रचलेला होता. त्यातील लाभ पत्नी, पती, आईवडील आणि मुले एवढ्यांपुरताच मर्यादित होता; भाऊ किंवा बहीण यांस त्यात स्थान नव्हते. जखमी झालेल्या व्यक्तीस स्वतःचा दावा लावता येई. तथापि १९०८ च्या मुदत अधिनियमाप्रमाणे दोन्ही प्रकारच्या दाव्यांस एक वर्षाची मुदत होती. मुद्रांक शुल्क आगाऊ भरावे लागे. ज्यास ते भरणे अशक्य त्याने त्याच वर्षीच्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार नादार म्हणून परवानगी मागावयाची आणि आपली नादारी प्रथम सिद्ध करावयाची. चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार वादीवरच असे. एवढे करून हुकूमनामा मिळालाच, तरी मोटारमालकाजवळ देण्याजोगे द्रव्य असेल याची शाश्वती नव्हती.

यांपैकी शेवटच्या अडचणीवर १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाने उपाय केला. त्याच्या आठव्या प्रकरणातील सक्तीच्या विम्याची तरतूद १ जुलै १९४६ पासून अमलात आली. मोटारमालकाने स्वतःचे नुकसान भरून काढण्यासाठी विमा घ्यावा की नाही हे त्याच्या इच्छेवर राहिले. परंतु रस्त्यावरील इतरांस होणाऱ्या इजेचा विमा घेतल्यावाचून वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविणे अपराध ठरले.

येथे एका शब्दाचा विचार अप्रस्तुत होणार नाही. विम्याच्या करारात मालक हा पहिला पक्ष, विमा कंपनी दुसरा, आणि ज्यास इजा होण्याची शक्यता आहे तो तिसरा. या तिसऱ्यासाठी मराठीत ‘त्रयस्थ पक्ष’ ही संज्ञा रूढ झाली. परंतु व्यवहारातील मराठीत ‘त्रयस्थ’ म्हणजे ज्याचा प्रकरणाशी संबंध नाही असा, अलिप्त मनुष्य. ज्याच्या पायावरून चाक गेले तो कायद्याच्या भाषेत ‘त्रयस्थ’ ठरावा, ही विसंगती केवळ शाब्दिक नाही. ज्या करारावर त्याची सही नाही, ज्याचा कागद त्याने कधी पाहिलेला नाही, त्याच करारावर त्याची भरपाई अवलंबून असते. विमापत्राचा क्रमांक, वाहनाची नोंदणी, चालकाचा परवाना ही सर्व कागदपत्रे प्रतिपक्षाच्या हाती असतात. पादचाऱ्यास लागणाऱ्या कायदेशीर मदतीचे मूळ येथेच आहे. त्यास वक्ता पाहिजे, त्याआधी कागद मिळवून देणारा पाहिजे.

सक्तीचा विमा आला तरी दावा दिवाणी न्यायालयातच चालत राहिला. १९५६ च्या दुरुस्ती अधिनियमाने कलम ११० ते ११०-फ ही कलमे घातली आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची कल्पना मांडली. ही दुरुस्ती १६ फेब्रुवारी १९५७ पासून अमलात आली. जेथे न्यायाधिकरण स्थापन होईल तेथे दिवाणी न्यायालयाची अधिकारिता संपुष्टात आली. प्रक्रिया संक्षिप्त झाली, दाव्याऐवजी अर्ज आला. परंतु याच दुरुस्तीने दोन नव्या मर्यादाही आणल्या. एक, अर्जाची मुदत साठ दिवसांची ठरली. विलंब क्षमापित करण्याचा अधिकार न्यायाधिकरणास होता हे खरे. तरी जेथे पूर्वी वर्षाचा अवधी होता तेथे आता दोन महिने उरले. मांडीचे हाड मोडलेला शेतमजूर साठ दिवसांत पुष्कळदा अंथरुणावरूनही उठलेला नसतो. १९६९ च्या दुरुस्तीने ही मुदत सहा महिन्यांची झाली. दोन, अर्ज ज्या क्षेत्रात अपघात घडला तेथील न्यायाधिकरणाकडेच करावयाचा होता.

या दुसऱ्या मर्यादेचा अर्थ बोदवडसारख्या गावी विशेष स्पष्ट होतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मलकापूर मध्य प्रदेश राज्यात आणि बोदवड मुंबई राज्यात होते. राज्यपुनर्रचनेने ती दोन्ही एका राज्यात आली, परंतु जिल्हे निराळेच राहिले. मलकापूरच्या बाजारात धडक बसली तर दावा बुलढाणा जिल्ह्यात, बऱ्हाणपूरला बसली तर परराज्यात, आणि मुक्ताईनगरजवळ बसली तर जळगाव जिल्ह्यात. पुढे १९८१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ सुरू झाले; जळगाव त्याच्या कक्षेत आले आणि बुलढाणा नागपूर खंडपीठाकडे राहिले. म्हणजे अपिलाची दिशाही अपघाताच्या जागेवरून ठरू लागली. जखमी मनुष्य एकच, त्याचे घर एकच. परंतु काही कोसांच्या अंतराने त्याची संपूर्ण न्यायव्यवस्था बदलत असे.

दरम्यान दोषाचा प्रश्न ऐरणीवर आला होता. निष्काळजीपणा सिद्ध झाल्यावाचून विमा कंपनी अथवा मालक यांचे दायित्व उत्पन्न होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये मिनू मेहता विरुद्ध बाळकृष्ण नयन या प्रकरणात स्पष्ट केले. विधी आयोगाने १९७२ च्या ५१ व्या आणि १९८० च्या ८५ व्या अहवालांत अपघातग्रस्तांच्या भरपाईचा विचार केला होता. त्यांपैकी पहिला अहवाल धडक देऊन पळून जाणाऱ्या वाहनांविषयी होता. या विचारमंथनाचे फळ १९८२ च्या दुरुस्तीत दिसते. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून विनादोष दायित्वाचे तत्त्व कायद्यात आले : मृत्यूबद्दल पंधरा हजार आणि कायम अपंगत्वाबद्दल साडेसात हजार रुपये, चालकाचा दोष सिद्ध न करता. पादचाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, त्याच्या स्वतःच्या चुकीच्या सबबीवर ही रक्कम नाकारता अथवा कमी करता येत नव्हती. अज्ञात वाहनाने धडक दिलेल्यांसाठीही मृत्यूबद्दल पाच हजार व गंभीर दुखापतीबद्दल एक हजार रुपयांची तरतूद झाली.

या तत्त्वामागील भूमिका १९८७ मध्ये गुजरात राज्य मार्ग परिवहन महामंडळ विरुद्ध रमणभाई प्रभातभाई या निर्णयात विस्ताराने मांडली गेली. मृत मुलाच्या भावाने केलेला हा दावा होता. १८५५ च्या अधिनियमाच्या चौकटीत भावास स्थान नव्हते; सर्वोच्च न्यायालयाने मात्र भारतीय कुटुंबाची रचना लक्षात घेऊन त्यास दावा करण्याचा अधिकार आहे असे ठरविले. त्याच निकालपत्रात, स्वतःची चूक नसताना इजा झालेल्या पादचाऱ्यास चालक निष्काळजी असो वा नसो भरपाई मिळावी, अन्यथा सामाजिक न्यायास अर्थ राहणार नाही, अशा आशयाचे विवेचन आले. १९८८ च्या अधिनियमाने, जो १ जुलै १९८९ पासून अमलात आला, विनादोष रक्कम वाढविली. तसेच मृत्यू व शारीरिक इजा यांबाबत विमा कंपनीच्या दायित्वावर पूर्वी असलेली कमाल मर्यादा काढून टाकली.

हक्काची ही वाटचाल चालू असता साहाय्याची वाटचाल स्वतंत्रपणे होत होती. मुंबई राज्यात न्या. ना. ह. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली १९४९ मध्ये विधी साहाय्याचा विचार करणारी समिती नेमली गेली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ घालून मोफत विधी साहाय्य हे राज्याच्या धोरणाचे निदेशक तत्त्व केले. या दोन प्रवाहांचा संगम १९७९ च्या हरियाणा राज्य विरुद्ध दर्शना देवी या प्रकरणात झाला. राज्य परिवहनाच्या बसखाली कर्ता पुरुष गेलेल्या कुटुंबातील विधवा व मुलगी यांच्याकडून न्यायालयीन शुल्क वसूल करण्याचा राज्याचा आग्रह होता. न्या. कृष्ण अय्यर यांनी तो फेटाळला आणि नादारीची तरतूद न्यायाधिकरणापुढील अर्जासही लागू केली. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ मध्ये संमत झाला, परंतु अमलात यावयास ९ नोव्हेंबर १९९५ उजाडले. त्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग यांस उत्पन्नाची अट न लावता, आणि इतरांस विहित उत्पन्नमर्यादेपर्यंत, वकील मोफत मिळू शकतो. तालुका स्तरावर समित्या स्थापन करण्याची सोय या अधिनियमात आहे. बोदवड हा स्वतंत्र तालुका १९९९ मध्ये झाला. म्हणजे साहाय्याची यंत्रणा तालुक्यापर्यंत आणणारा कायदा अमलात आल्यावर चार वर्षांनी.

स्थळ आणि काळ यांविषयीची खरी क्रांती १९९४ च्या दुरुस्तीने घडविली. अपघातग्रस्तांस न्यायाधिकरणापर्यंत पोहोचणे सुलभ कसे व्हावे या प्रश्नाचा परामर्श विधी आयोगाने १९८७ च्या ११९ व्या अहवालात घेतला होता. १४ नोव्हेंबर १९९४ पासून अर्जदारास तो राहतो त्या क्षेत्रातील न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्याचा विकल्प मिळाला, आणि मुदतीची अट पूर्णतः वगळण्यात आली. बऱ्हाणपूरला जखमी झालेल्या बोदवडकरास आता आपल्याच जिल्ह्यात दाद मागता येऊ लागली. सत्तावीस वर्षे बरी झालेली हाडे आणि गोळा झालेले कागद यांची वाट कायद्याने पाहिली असे म्हणता येईल. सत्तावीस वर्षेच, कारण २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत पुन्हा आणली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली. या तरतुदीस सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेशाने, केवळ मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत, असे न्यायाधिकरणांस सांगितले.

या नव्या व्यवस्थेची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. विनादोष भरपाईचे आकडे मृत्यूबद्दल पाच लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख झाले. अज्ञात वाहनाच्या बाबतीत अनुक्रमे दोन लाख व पन्नास हजार. तपासी पोलिसाने अठ्ठेचाळीस तासांत पहिला अपघात अहवाल द्यावा, दहा दिवसांत अपघातग्रस्तास त्याच्या हक्कांचे लेखी विवरण द्यावे, आणि पुढील सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवावा, असे नियम झाले. तो अहवालच अर्ज म्हणून गणला जाऊ शकतो. अज्ञात वाहनाची चौकशी उपविभागीय अधिकारी अथवा तहसीलदार यांच्याकडे सोपविलेली आहे, म्हणजे हे द्वार तालुक्याच्या गावीच उघडते. त्याचा उपयोग फारच थोडे लोक करतात हे लक्षात घेऊन, वाहनाचा शोध महिन्याभरात न लागल्यास पोलिसांनी जखमीस अथवा वारसांस या योजनेची माहिती लेखी द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये दिला.

या सर्व तरतुदींत लेखी कागदावर जो भर आहे तो ध्यानात घेण्याजोगा आहे. कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना महाराष्ट्र शासनाने २१ जुलै १९९८ रोजी काढली. परंतु बोदवड परिसरात घरी बोलली जाते ती तावडी अथवा लेवा बोली. जखमी आपली हकीकत त्या बोलीत सांगतो, हवालदार ती ‘फिर्यादी’च्या ठरीव मराठीत उतरवितो, अपील झाल्यास ती इंग्रजीत जाते. ‘मी रस्त्याच्या कडेने चाललो होतो’ आणि ‘मी रस्ता ओलांडत होतो’ या दोन वाक्यांतील भेद पादचाऱ्याच्या अंशदायी निष्काळजीपणाचा, म्हणून भरपाईतील कपातीचा, निर्णायक घटक ठरू शकतो. पहिला कागद लिहिला जात असताना त्याच्या बाजूचे कोणी तेथे हजर असणे हेही विधी साहाय्यच होय. किंबहुना न्यायालयातील युक्तिवादापेक्षा त्याची निकड अधिक.

१८५५ पासूनच्या या इतिहासाकडे एकत्र पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट होते. दोषाचा भार पादचाऱ्याच्या शिरावरून हळूहळू उतरला, मोटारमालकाच्या नादारीचा धोका विम्याने घेतला, न्यायालयाचे अंतर १९९४ ने घराजवळ आणले. उरला तो काळाचा आणि कागदाचा भार. मुदतीचा लंबक एक वर्ष, साठ दिवस, सहा महिने, अमर्याद आणि पुनश्च सहा महिने असा हलत राहिला आहे. ज्या तालुक्यात पोलीस आपले विवरण नियमाप्रमाणे हाती देतील आणि विधी सेवा समिती ते वाचून दाखवील, तेथे सहा महिने पुरतील; जेथे हे घडणार नाही, तेथे कोणतीही मुदत अपुरीच पडेल. बोदवडच्या पादचाऱ्याचा प्रश्न आता जळगावच्या वाटेवर उरलेला नाही. तो अपघातानंतरच्या पहिल्या दहा दिवसांत, गावातच, सुटावयाचा आहे.