ऑगस्टची सायकलफेरी, जानेवारीचा सराव

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारी हजारो सायकलस्वार निघतात आणि केप कॉडच्या टोकाला, प्रॉव्हिन्सटाउन या समुद्रकाठच्या गावी पोहोचतात. या फेरीचे नाव पॅन-मॅस चॅलेंज. बिली स्टार या तरुणाची आई १९७४ मध्ये मेलॅनोमाने, म्हणजे त्वचेच्या एका घातक कर्करोगाने गेली. १९८० मध्ये त्याने काही जणांना गोळा केले. ३६ जण स्प्रिंगफील्डहून निघाले आणि कर्करोगावरील उपचार व संशोधनासाठी १०,२०० डॉलर जमले. हे पैसे बॉस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेसाठी होते. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात औषधाने, तात्पुरता का होईना, उतार पडतो हे ज्यांनी १९४८ मध्ये दाखवले, ते सिडनी फार्बर या संस्थेचे संस्थापक. आज या फेरीने जमवलेली एकूण रक्कम १०० कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे.

अशा फेरीत घरेच्या घरे उतरतात. घरातले कोणी गेलेले असते किंवा आजारातून उठलेले असते आणि त्याच्यासाठी भाऊ, मुलगी, जावई नाव नोंदवतात. कधी बरा झालेला रुग्ण स्वतःच सायकलवर असतो. एकाचे वय बावीस, दुसऱ्याचे पंचावन्न. फेरी भर उन्हाळ्यात असली तरी तयारी थंडीतच सुरू करावी लागते आणि त्या भागात तेव्हा रस्त्यावर बर्फ असते. मग सायकल तळघरात जाते, मागचे चाक एका स्टँडवर चढते आणि माणूस जागच्या जागी घाम गाळत बसतो.

डॉक्टर म्हणून मला ऑगस्टमधल्या फेरीपेक्षा या तळघराचे कुतूहल जास्त आहे. मुलगा आणि बाप एकाच फेरीसाठी तयार होऊ शकतात, पण दोघांचे शरीर वेगवेगळ्या वाटेने तयार होते, हे कळायला वैद्यकशास्त्राला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

सुरुवात भीतीपासून झाली. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची दोन सारख्या चाकांची ‘रोव्हर’ सायकल आली आणि १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. (डनलॉप हे मूळचे गुरांचे डॉक्टर. टायर त्यांनी पहिल्यांदा केला तो मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी.) पुढच्या दहा वर्षांत युरोप-अमेरिकेत सायकलचे वेड पसरले आणि त्यापाठोपाठ डॉक्टरांचे इशारे आले. सायकलने हृदय ताणून मोठे होते, चेहरा ओढलेला दिसू लागतो, बायकांनी तर जपूनच असावे. ‘बायसिकल फेस’, म्हणजे ‘सायकली चेहरा’, असा शब्द तेव्हा खरोखर छापला जात होता.

चेहऱ्याचे सोडून द्या. हृदयाची भीती मात्र अगदीच खुळी नव्हती. त्या काळच्या डॉक्टरला मोठे झालेले हृदय भेटायचे ते सांधेतापाने झडपा खराब झालेल्या, पाय सुजलेल्या, धापा टाकणाऱ्या रुग्णात. मोठे हृदय म्हणजे हरत चाललेले हृदय, हे त्याने रोज पाहिलेले असे.

हे समीकरण १८९९ मध्ये स्वीडनच्या सालोमन हेन्शेन यांनी मोडले. त्यांनी तपासले ते बर्फावर लांब पल्ल्याच्या शर्यती करणारे स्कीपटू. छातीवर बोटे ठोकून, येणाऱ्या आवाजावरून त्यांनी हृदयाची कड शोधली. स्पर्धकांची हृदये मोठी निघाली, पण ती माणसे आजारी नव्हती. ज्याचे हृदय असे वाढले आहे तो शर्यतीत पुढे जातो, असा त्यांचा निष्कर्ष होता. आज इकोने आपण हेच पाहतो. सरावाने वाढलेल्या हृदयाचा कप्पा प्रशस्त होतो, एका ठोक्यात जास्त रक्त पुढे जाते, म्हणून विश्रांतीत नाडी सावकाश चालते. आजारी हृदयही मोठे होते, पण त्याचा ठोका दुबळा असतो. आकार तोच, अर्थ उलटा.

तरीही भीती गेली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणात ठेवत. १९५५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला तेव्हा बॉस्टनचे हृदयतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांना बोलावले गेले. व्हाइट स्वतः सायकल चालवणारे. चाला, सायकल चालवा असे ते लोकांना जाहीरपणे सांगत. त्यांचा रुग्ण पुढच्याच वर्षी पुन्हा अध्यक्षपदी निवडून आला. झटका आलेला माणूस कामाला लागू शकतो, हे सामान्य लोकांना जितके या एका रुग्णाने पटवले तितके कुठल्या पुस्तकाने पटवले नसेल.

दरम्यान सायकल प्रयोगशाळेत शिरली होती. कोपनहेगनमध्ये ऑगस्ट क्रोग यांनी १९१३ मध्ये विद्युतचुंबकीय ब्रेक असलेली स्थिर सायकल बनवली. पळणाऱ्या माणसाच्या तोंडाला नळी लावणे किंवा हातातून रक्त काढणे अवघड. जागच्या जागी सायकल मारणाऱ्याचे हे सगळे करता येते, शिवाय त्याने नेमके किती काम केले तेही मोजता येते. क्रोग यांना पुढे १९२० मध्ये केशवाहिन्यांवरील संशोधनासाठी नोबेल मिळाले. जिममध्ये खटका फिरवला की जड होणारी चुंबकाची सायकल हे क्रोग यांच्या यंत्राचेच वंशज.

असल्याच सायकलवर स्वीडनमध्ये जोनास बेर्गस्ट्रोम आणि एरिक हुल्टमन या दोघांनी एक मजेदार प्रयोग केला. १९६६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एकाच स्थिर सायकलच्या दोन बाजूंना दोघे बसले. प्रत्येकाने एकाच पायाने पॅडल मारले, दुसरा पाय स्वस्थ. दमून हात टेकेपर्यंत हे चालले. मग सुईने दोन्ही मांड्यांच्या स्नायूंचा कणभर तुकडा काढून त्यातले ग्लायकोजेन मोजले. ग्लायकोजेन म्हणजे स्नायूने साठवून ठेवलेली साखर, घरातल्या कणगीसारखी. दमलेल्या पायाची कणगी रिकामी झाली होती, दुसऱ्याची भरलेली. पुढचे तीन दिवस दोघांनी भरपूर पिष्टमय आहार घेतला. माणूस तोच, रक्त तेच, जेवण तेच. तरी दमलेल्या पायात साखर दुसऱ्या पायाच्या जवळजवळ दुप्पट साठली. ज्या स्नायूने काम केले, त्याच स्नायूने साठवण वाढवली. तुमच्याऐवजी दुसऱ्याने केलेला सराव सोडाच, या साठवणीपुरता तुमच्या एका पायाचा सराव दुसऱ्या पायाच्याही कामी येत नाही.

आता घरातल्या पंचावन्न वर्षांच्या माणसाकडे येऊ. १९६६ मध्येच अमेरिकेतल्या डॅलस शहरात विशीतल्या पाच निरोगी तरुणांना २० दिवस अंथरुणावर झोपवून ठेवले. जास्तीत जास्त श्रमाच्या वेळी शरीर मिनिटाला किती प्राणवायू वापरू शकते, ही दमाची खरी मोजणी. ती क्षमता तीन आठवड्यांत सुमारे २७ टक्क्यांनी खाली आली. नंतर जवळजवळ दोन महिने कसून व्यायाम करवल्यावर ती भरून निघाली, वर थोडी वाढलीही.

खरी गंमत पुढे आहे. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, तेच पाच जण पन्नाशीत पुन्हा तपासले गेले. वजन वाढलेले, पोट सुटलेले, तुमच्या-आमच्यासारखे. तरी विशीतल्या तीन आठवड्यांच्या झोपेने त्यांचे जितके नुकसान केले होते तितके तीस वर्षांच्या वयाने केले नव्हते! मग त्यांना सहा महिने व्यायाम दिला. चालणे, हळू पळणे, स्थिर सायकल. सुरुवात अगदी थोडी, मग दर काही आठवड्यांनी वाढ. सहा महिन्यांच्या शेवटी वयामुळे गेलेली क्षमता पूर्ण परत आली. विशीत व्यायामानंतर गाठलेली उंची मात्र एकालाही पुन्हा गाठता आली नाही.

या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट बातम्यांत फारशी येत नाही. विशीत व्यायाम केला तेव्हा हृदयाची पंप करण्याची ताकद वाढली होती. पन्नाशीत तो पंप जवळजवळ होता तसाच राहिला. सुधारणा झाली ती बहुतांशी स्नायूंत. आलेल्या तेवढ्याच रक्तातून जास्त प्राणवायू काढून घ्यायला ते शिकले. स्नायूंत नव्या केशवाहिन्या फुटणे, पेशींतली ऊर्जा तयार करणारी केंद्रे वाढणे, ही कामे आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या हिशेबाने होतात.

म्हणून बाप-लेक एकाच फेरीला जाणार असतील तर बापाने आधी सुरुवात करावी. आपल्याकडे उलटे होते. मुलगा डिसेंबरपासून सायकल काढतो आणि वडील ‘शेवटच्या तीन आठवड्यांत बघू’ म्हणतात. मध्ये लग्नसराई किंवा तापाचे आजारपण आले तर सराव तेवढ्या दिवसांपुरता थांबत नाही, मागे जातो. तुटलेला सराव पुन्हा धरताना जिथे सोडला तिथून नव्हे, दोन पायऱ्या खालून धरावा.

आपल्या राज्यात घरातल्या दोघांनी काय करता येते हे नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दाखवले. ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत त्यांनी दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. एक सायकलवर, तेव्हा दुसरा विश्रांतीला. संघाच्या नावातच ‘व्हिजन फॉर ट्रायबल्स’ हे आदिवासींच्या दृष्टीचे काम होते. त्यांचा पल्ला आपल्या आवाक्याबाहेरचा खरा, पण पहिल्या पायऱ्या सगळ्यांच्या सारख्याच असतात.

आपला हिवाळा मॅसॅच्युसेट्ससारखा कोंडून ठेवणारा नाही. सरावाला तोच सर्वांत चांगला हंगाम. तरी पहाटेच्या गारठ्याला काही माणसांनी जपावे. थंडीत त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो आणि त्याच वेळी चढ आला तर हृदयावर दुहेरी भार पडतो. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, नेहमीच्या चढाला नवीनच लागलेली धाप, यांपैकी काहीही झाले तर तिथेच उतरा आणि बसा. थांबल्यावर बरे वाटले तरी त्या आठवड्यातच दाखवा आणि तोवर सायकल बंद. छातीतला दाब थांबल्यावरही जात नसेल तर घरी न जाता थेट रुग्णालय गाठा. चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या, पूर्वी हृदयविकार झालेल्या माणसाने सराव सुरू करण्याआधीच तपासून घ्यावे. फेरीच्या आदल्या आठवड्यात प्रमाणपत्रापुरते येण्यात काही अर्थ नाही.

दमा असेल तर कोरडी गार हवा श्वासनलिका आवळते. नाका-तोंडावर रुमाल बांधा, पहिली दहा मिनिटे सावकाश चालवा आणि निघण्यापूर्वी पंप घ्यायचा का हे आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर घड्याळावरच्या नाडीच्या आकड्यांवर विसंबू नका. औषधामुळे नाडी नेहमीइतकी चढत नाही. बोलता येईल इतका दम शिल्लक राहील असा वेग धरा. गारठ्यात तहान कमी लागते, म्हणून आठवणीने घोटभर पाणी प्या.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांसाठी बेर्गस्ट्रोम-हुल्टमन यांच्या रिकाम्या कणगीचे एक टोक उरते. लांब सायकल झाल्यावर स्नायू ती कणगी रात्रभर रक्तातल्या साखरेने भरत राहतात. त्यामुळे साखर सायकलवर असताना उतरली नाही तरी मध्यरात्री झोपेत उतरू शकते. लांबच्या फेरीच्या दिवशी झोपण्यापूर्वी साखर तपासा, रात्रीचे जेवण टाळू नका, त्या रात्रीच्या औषधाचे प्रमाण डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा आणि दरदरून घाम सुटला किंवा बोलणे अडखळले तर काय द्यायचे ते शेजारी झोपणाऱ्याला सांगून ठेवा. शुद्धीवर असेल तर साखरेचे पाणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय.