विजेत्याच्या वस्तु व त्यांचा संग्रह

राजांच्या तलवारी जपण्याची हौस जुनी. मोटारसायकलच्या शर्यतींतील वीराचें शिरस्त्राण जपण्याची त्या मानानें अलीकडची. संग्राहकापुढील प्रश्न मात्र दोहींकडे एकच : हें अस्सल कशावरून ?

माइक हेलवुड या इंग्रज स्वाराचें उदाहरण घ्यावें. नऊ जागतिक अजिंक्यपदें मिळविलेला हा वीर १९६७ नंतर आइल ऑफ मॅनच्या टी. टी. शर्यतींपासून दूर राहिला आणि अकरा वर्षांनीं, १९७८ सालीं, तेथें परतून डुकाटी गाडीवर फॉर्म्युला वन शर्यत जिंकला. त्या विजयाच्या स्मरणार्थ कारखान्यानें १९७९ पासून ‘माइक हेलवुड रेप्लिका’ ही तांबडी-हिरवी गाडी विकावयास काढली. ती शर्यतींत धांवलेली गाडी नव्हे. रस्त्यावरच्या ९०० एस. एस. गाडीची नटविलेली बहीण. संग्राहक तीहि जपतात, आणि आमच्या मतें तें योग्यच आहे. परंतु ती विजयाचा नव्हे, विजयानंतरच्या कौतुकाचा पुरावा होय.

खऱ्या शर्यतीच्या गाडीची गोष्ट याहून बिकट. तिचे भाग वरचेवर बदलले जातात. तेव्हां त्या दिवशीं नेमकें काय धांवलें, हें सांगाड्यावरील व इंजिनावरील क्रमांक, जुनीं छायाचित्रें आणि मेकॅनिकच्या वह्या यांवरूनच ठरवावें लागतें. हौशी मंडळी चषकांमागें धांवतात आणि असले तेलकट कागद रद्दींत जातात, ही खरी हानि !

हेलवुडचें सर्वांत मोलाचें पदक तर जिंकल्याबद्दलचें नव्हेच. १९७३ सालीं दक्षिण आफ्रिकेंत क्यालामी येथें, मोटारींच्या शर्यतींत, जळत्या गाडींतून क्ले रेगाझोनीला ओढून काढण्यासाठीं तो आगींत शिरला. त्याबद्दल त्यास जॉर्ज पदक मिळालें. ती शर्यत त्याला पुरी करतां आली नव्हती.