एका रस्त्यावरची दोन विद्यापीठे

विद्यापीठांची तुलना करण्याची हौस आपल्या समाजास नवी नाही. घरातील मुलगा अगर मुलगी महाविद्यालयात जाण्याच्या वयाची झाली की कोणत्या विद्यापीठाचे नाव मोठे, कोणाची पदवी परदेशात चालते, याची चर्चा घरोघर सुरू होते. २०१६ सालापासून केंद्र सरकारही उच्च शिक्षणसंस्थांची क्रमवारी प्रसिद्ध करू लागले. त्या क्रमवारीच्या आराखड्यात शंभरांपैकी दहा गुण संस्थेच्या लौकिकास होते. आणि स्त्रिया, परप्रांतीय व दुर्बल स्थितीतील विद्यार्थी यांना संस्थेने किती जवळ केले, यासही दहाच गुण होते. लौकिक आणि सामावून घेण्याची वृत्ती ही दोन्ही अशी एकाच मापाने मोजली गेली. परंतु या दोहोंचे परस्परांशी नाते काय, याचा विचार क्वचितच होतो. तो इतिहासाच्या आधारे करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

देवस्थानांच्या कारभाराशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना हा भेद फारसा समजावून सांगावयास नको. देवस्थानाची ख्याती पूर्वजांनी मिळवून ठेवलेली असते. पण दूरच्या गावाहून आलेल्या यात्रेकरूस दर्शन, प्रसाद व रात्रीचा निवारा मिळतो की नाही, हे आजच्या व्यवस्थेवर अवलंबून असते. विद्यापीठांचेही तसेच आहे. हे पाहण्यासाठी मुंबई-पुण्यासारख्या विद्येच्या राजधान्यांपेक्षा एखादे सीमेवरचे गाव अधिक उपयोगी पडते. असे एक गाव म्हणजे आदिलाबाद शहरालगतचे मावला.

मावला हे नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव. येथून उत्तरेस निघाले की पैनगंगा ओलांडून विदर्भात प्रवेश होतो, आणि सुमारे दोनशे किलोमीटरांवर नागपूर लागते. दक्षिणेस सुमारे तीनशे किलोमीटरांवर हैदराबाद आहे. या मुलखात तेलुगू, मराठी, गोंडी आणि उर्दू या चारही भाषा कानांवर पडतात. निजामाच्या राज्यात राजुरा व किनवट हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत; १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते मुंबई राज्यात गेले, आणि मावला आंध्र प्रदेशात राहिले. २०१४ पासून ते तेलंगणात आहे. एकाच रस्त्याच्या दोन टोकांस अशी दोन विद्यापीठे उभी राहिली: दक्षिणेस उस्मानिया, उत्तरेस नागपूर.

या दोहोंच्या आधी लौकिकाचे माप ठरविले ते मुंबई विद्यापीठाने. १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे जी विद्यापीठे स्थापन झाली, ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. महाविद्यालयांना संलग्न करून घेणे, परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच त्यांचे काम होते. स्वतः शिकविण्याची मोकळीक त्यांना १९०४ च्या कायद्याने मिळाली. १८६२ साली मुंबईचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पुढे १८९२ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे या विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले, आणि त्यांच्यामागून ते पद भांडारकरांकडे आले. भांडारकर, वागळे व तेलंग ही नावे आपल्या सारस्वत घरांतून आजही अभिमानाने घेतली जातात, ते योग्यच आहे. मात्र या पुरुषांची विद्या विद्यापीठाच्या शिक्क्याने घडली, असे मानणे चुकीचे ठरेल. ती घडली एल्फिन्स्टनच्या वर्गांत, अध्यापकांच्या सहवासात आणि त्यांच्या स्वतःच्या अखंड परिश्रमाने. किंबहुना मुंबई विद्यापीठाचा लौकिक अशा पदवीधरांनीच वाढविला. खुद्द त्या विद्यापीठात एम. ए. च्या परीक्षेस मराठीला स्थान मिळण्यासाठी १९०१ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी न्यायमूर्ती रानडे यांना आयुष्याच्या अखेरीपर्यंत झगडावे लागले.

शिक्का आणि विद्या यांची ही फारकत परदेशांतही दिसते. नाशिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर. १८९२ साली त्यांनी ऑक्सफर्ड येथे कायद्याची बी. सी. एल. परीक्षा दिली. परीक्षा घेण्यास ऑक्सफर्ड राजी झाले, पण स्त्रियांना पदवी देण्याची तेथे रीत नव्हती. ती रीत १९२० साली बदलली, आणि त्यानंतरच सोराबजींना आपली पदवी मिळाली. शतकानुशतकांचा लौकिक ज्याच्यापाशी होता, ते विद्यापीठ या बाबतीत मुंबईच्या तरुण विद्यापीठाच्या मागे पडले. याच्या उलट उदाहरण आपल्या गोव्याचेच आहे. साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांच्यापाशी विद्यापीठाची कोणतीही पदवी नव्हती. तरी त्यांचे पाली भाषेचे ज्ञान पाहून १९१० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या विद्वानांनी ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना बोलावून घेतले. त्या प्रसंगी हार्वर्डने शिक्का विचारला नाही, विद्या विचारली.

आता मावल्याच्या रस्त्याकडे परत येऊ. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निजामाच्या सनदेने स्थापन झाले आणि १९१९ मध्ये तेथे वर्ग सुरू झाले. त्यामागील कल्पना सर अकबर हैदरी यांची, आणि ती नि:संशय थोर होती. मुंबई विद्यापीठ इंग्रजीतून परीक्षा घेत असताना उस्मानियाने सर्व उच्च शिक्षण एका देशी भाषेतून देण्याचे ठरविले. पाश्चात्त्य शास्त्रांचे ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी स्वतंत्र भाषांतर-संस्था काढली. गणित, पदार्थविज्ञान, वैद्यक, कायदा यांची परिभाषा घडविली. इंग्रजी हा विषय म्हणून सक्तीचा ठेवला, पण ज्ञानाचे माध्यम म्हणून नव्हे. केवळ परीक्षा न घेता हे विद्यापीठ प्रत्यक्ष शिकवीत असे. शैक्षणिक गुणवत्तेच्या दृष्टीने ही रचना मुंबईच्या मूळ रचनेहून सरस होती, हे मान्य केले पाहिजे.

तथापि या थोर कल्पनेत एक मोठी उणीव राहिली. हैदराबाद संस्थानात सुमारे निम्मे लोक तेलुगू बोलणारे आणि सुमारे चौथा हिस्सा मराठी बोलणारे होते. उर्दू ही मातृभाषा असलेले साधारण दहांत एक. आदिलाबादच्या तेलुगू वा मराठी विद्यार्थ्यास इंग्रजी जितकी परकी, तितकी नसली तरी विद्यापीठीय उर्दूही परकीच होती. देशी भाषेचा कैवार घेणाऱ्या विद्यापीठाने देशातील बहुसंख्यांच्या भाषा वर्गाबाहेर ठेवल्या.

ही उणीव भाषेपुरती राहिली नाही. १९३८ च्या नोव्हेंबरअखेरीस उस्मानियाच्या वसतिगृहांतील हिंदू विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणू लागले. अधिकाऱ्यांनी त्यास बंदी केली. विद्यार्थ्यांनी संप पुकारला, आणि तो वारंगळ, औरंगाबाद यांसारख्या ठिकाणच्या विद्यालयांतही पसरला. शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून काढून टाकण्यात आली. हैदराबादच्या राज्यात ज्यांचे शिक्षण बंद झाले, त्यांनी जावे कोठे?

त्यांतील कित्येक उत्तरेस निघाले. नागपूर विद्यापीठ १९२३ सालचे. त्या वेळी ते अवघे पंधरा वर्षांचे होते. मुंबईची परंपरा त्याच्यापाशी नव्हती, उस्मानियाचे राजवैभवही नव्हते. परंतु कुलगुरू टी. जे. केदार यांनी या निष्कासित विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. कायद्याच्या दृष्टीने या निर्णयाचे महत्त्व मोठे आहे. एका विद्यापीठाने शिस्तभंगासाठी काढलेला विद्यार्थी दुसऱ्याने घेऊ नये, हा सर्वसाधारण संकेत. तो झुगारण्यासाठी समोरचे कृत्य शिस्तभंग आहे की सद्सद्विवेकबुद्धीने केलेली कृती आहे, याचा निवाडा स्वतः करावा लागतो. नागपूरने तो केला आणि त्याची जबाबदारी पत्करली.

याचे फळ काय झाले, हे एका उदाहरणावरून दिसते. तेव्हाच्या करीमनगर जिल्ह्यातील वंगरा गावात वाढलेले पी. व्ही. नरसिंह राव वारंगळ येथे शिकत असता या चळवळीत पडले आणि त्यांना संस्थानाबाहेर पडावे लागले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी विज्ञान आणि नागपूर विद्यापीठात कायद्याचा अभ्यास केला. मराठी त्यांनी इतकी आत्मसात केली की हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीचा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला. नागपूरजवळील रामटेक मतदारसंघाने त्यांना लोकसभेवर पाठविले, आणि १९९१ मध्ये ते भारताचे पंतप्रधान झाले. प्रत्येक निष्कासित विद्यार्थी पंतप्रधान होत नाही, हे उघड आहे. पण पटावरून काढलेल्या नावांत कोण दडलेले आहे, हे काढणाऱ्यास ठाऊक नसते. म्हणूनच दार बंद करताना शंभरदा विचार करावा लागतो.

१९३९ च्या डिसेंबरात, म्हणजे संपानंतर वर्षभराने, उस्मानियाच्या कलाविद्यालयाच्या भव्य पाषाणी वास्तूचे उद्घाटन झाले. आजही ती वास्तू पाहणाऱ्यास थक्क करते. लौकिकाच्या तराजूत तिचे वजन पडते, आणि पडावे. मात्र त्या प्रशस्त दालनांत शिकण्याचा ज्यांचा हक्क होता, त्यांतील काही जण त्या दिवशी नागपूरच्या साध्या वर्गांत बसलेले होते, हेही त्याच तराजूत घालावे लागेल.

यावरून उस्मानिया कनिष्ठ आणि नागपूर श्रेष्ठ, असा सरसकट निकाल देणे अन्यायाचे होईल. १९४८ नंतर उस्मानियाचे माध्यम बदलले, दारे उघडली, आणि तेलंगण-मराठवाड्यातील पिढ्यान्‌पिढ्यांनी तेथे शिक्षण घेतले. मराठवाड्याच्या महाविद्यालयांना औरंगाबादेस स्वतंत्र विद्यापीठ मिळाले ते १९५८ साली. तोवर त्यांचा आधार उस्मानियाच होते. उलट नागपूरनेही १९३८ च्या पुण्याईवर कायमचे निभावून न्यावे, असे कोणी म्हणणार नाही. विद्यापीठाचा कस पिढीगणिक पुन्हा लागतो.

आज मावल्यातील विद्यार्थ्यापुढे पर्याय अधिक आहेत. आदिलाबादची महाविद्यालये वारंगळच्या काकतीय विद्यापीठाशी जोडलेली आहेत. ते १९७६ मध्ये स्थापन झाले. गोदावरीकाठी बासर येथे, जेथे आपल्यांपैकी अनेक कुटुंबे मुलांच्या अक्षरारंभासाठी सरस्वतीच्या दर्शनास जातात, तेथे २००८ मध्ये ग्रामीण भागातील मुलांना दहावीनंतरच घेऊन अभियंते घडविणारी तंत्रज्ञान-संस्था उभी राहिली. क्रमवारीत या संस्थांचे स्थान कोठे, हा प्रश्न पालकांनी जरूर विचारावा. परंतु त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत. येथे प्रत्यक्ष शिकवितो कोण? ज्याच्या घरी पदवीधर नाही आणि ज्याची भाषा वर्गाची भाषा नाही, अशा मुलास ही संस्था तीन-चार वर्षांत कोठवर नेते? आणि अधिकाऱ्यांस न रुचणारे मत धरणाऱ्या विद्यार्थ्यास ती कसे वागविते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकांतून थोडीफार मिळतील. तिसऱ्याचे उत्तर कोणत्याही माहितीपत्रकात नसते. त्यासाठी संस्थेचा इतिहासच वाचावा लागतो.