सर्पुखोव्ह-१५ ची रात्र : यंत्राचा इशारा आणि माणसाची शंका

१/१२
२६ सप्टेंबर १९८३. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. मॉस्कोच्या दक्षिणेस असलेल्या सर्पुखोव्ह-१५ या गुप्त तळावर भोंगा वाजू लागला. अमेरिकेतून क्षेपणास्त्र सुटल्याचे संगणक सांगत होता. युद्धाचा निर्णय यंत्रावर किती सोपवावा, या आजच्या वादाचे मूळ त्या रात्रीत सापडते. #थ्रेड

२/१२
कर्तव्यावर होते ४४ वर्षांचे लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह. काही मिनिटांत क्षेपणास्त्रांचा आकडा पाचवर गेला. 'ओको' ही उपग्रहप्रणाली इशारा विश्वासार्ह असल्याचे दर्शवीत होती. प्रतिहल्ल्याचा अधिकार पेत्रोव्ह यांना नव्हता. इशारा खरा की खोटा, हे वरिष्ठांना कळवणे एवढेच त्यांचे काम होते. पण पुढचे सारे त्या एका निरोपावर अवलंबून होते.

३/१२
काळही स्फोटक होता. १ सप्टेंबरलाच सोव्हिएत लढाऊ विमानाने दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडले होते. २६९ जण मृत्युमुखी पडले. युरोपात अमेरिकेची पर्शिंग-२ क्षेपणास्त्रे येऊ घातली होती. अशा वातावरणात हल्ल्याची बातमी खोटी मानण्यापेक्षा खरी मानणे सोपे होते.

४/१२
पेत्रोव्ह यांनी मात्र इशारा खोटा असल्याचे कळवले. पहिला अणुहल्ला करणारा देश पाचच क्षेपणास्त्रे का सोडेल? जमिनीवरील रडारवर काहीच का दिसत नाही? शिवाय प्रणाली नवी होती आणि तिच्या उणिवा ते अभियंता या नात्याने जाणून होते. त्यांची शंका ज्ञानातून आली होती.

५/१२
पुढील तपासात कारण उघड झाले : उंचावरील ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश उपग्रहाला क्षेपणास्त्रांच्या ज्वाळांसारखा भासला होता. पेत्रोव्ह यांच्या वाट्याला मात्र नोंदवही नीट न भरल्याचा ठपका आला. ही घटना जगाला कळली ती सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर, १९९० च्या दशकात.

६/१२
या कथेचे तात्पर्य सहसा एका वाक्यात सांगितले जाते : यंत्रासोबत माणूस असला की पुरे. इतिहास इतका सरळ नाही. ३ जुलै १९८८ रोजी होर्मुझच्या सामुद्रधुनीत 'व्हिन्सेन्स' या अमेरिकी युद्धनौकेने इराणचे प्रवासी विमान पाडले. विमानातील सर्व २९० जण ठार झाले.

७/१२
व्हिन्सेन्सवर 'एजिस' ही त्या काळातील अत्याधुनिक संगणकीय प्रणाली होती. तिच्या नोंदींनुसार विमान वर चढत होते, आणि ते खरेच होते. इराणी नौकांशी चकमकीत गुंतलेल्या नौसैनिकांनी मात्र ते खाली झेपावत असल्याचे कळवले. उड्डाण आणि विनाश यांत अवघ्या सात मिनिटांचे अंतर होते. येथे यंत्र बरोबर होते. चुकली ती माणसे.

८/१२
२००३ च्या इराक युद्धात तिसरी तऱ्हा दिसली. २३ मार्चला अमेरिकी 'पेट्रिअट' प्रणालीने परतणारे ब्रिटिश टॉर्नेडो विमान शत्रूचे क्षेपणास्त्र समजून पाडले. विमानातील दोघेही मरण पावले. २ एप्रिलला एका अमेरिकी वैमानिकाचाही तसाच बळी गेला. चालकांना प्रणालीवर विश्वास ठेवण्याचेच शिक्षण मिळाले होते, असे पुढे अमेरिकी संरक्षण विज्ञान मंडळाने नमूद केले.

९/१२
तिन्ही ठिकाणी माणूस उपस्थित होता. फरक परिस्थितीत होता. पेत्रोव्ह यांच्याजवळ पडताळणीसाठी स्वतंत्र रडार होते, यंत्राची जाण होती आणि 'नाही' म्हणण्यास जागा होती. व्हिन्सेन्सवर शांतपणे विचार करण्याइतका वेळ नव्हता, तर पेट्रिअटच्या चालकांना शंका घेण्याची सवयच लावलेली नव्हती.

१०/१२
या प्रणाली आजच्या अर्थाने कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हत्या. त्या माणसाने लिहिलेल्या नियमांवर चालत. म्हणूनच त्यांची चूक मागाहून शोधता आली. प्रचंड विदेवरून शिकलेली आजची प्रणाली एखादा निष्कर्ष का काढते, हे अनेकदा तिच्या निर्मात्यांनाही नेमके सांगता येत नाही. मग तिच्यासमोर बसलेल्या अधिकाऱ्याने शंका घ्यावी ती कशाच्या आधारे?

११/१२
विरोधी बाजूही भक्कम आहे. युद्धनौकेवर चालून येणारे क्षेपणास्त्र माणसाच्या विचाराची वाट पाहत नाही. म्हणून 'फॅलँक्स'सारख्या स्वयंचलित तोफा १९८० पासून नौकांवर आहेत. येणारे अस्त्र पाडणे हे काम यंत्राकडे द्यावेच लागते. परंतु आकाशातील ठिपका अस्त्र आहे की प्रवासी विमान, आणि हल्ला खरा आहे की ढगांवरील प्रकाश, हा निर्णय वेगळ्या जातीचा आहे.

१२/१२
डिसेंबर २०२३ मध्ये स्वायत्त शस्त्रांवरील ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १५२ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. विरोधी चौघांत रशियासोबत भारतही होता. ही चर्चा जिनिव्हातील शस्त्रविषयक कराराच्या चौकटीतच व्हावी, ही भारताची भूमिका. नोव्हेंबर २०२४ मध्ये अण्वस्त्रवापराचा निर्णय माणसाच्याच हाती राहावा, यावर अमेरिका आणि चीनच्या राष्ट्राध्यक्षांचे एकमत झाले. सरकारांनी हे तंत्र वापरावे का, या प्रश्नाचे उत्तर अनेक देशांनी वापरास आरंभ करून दिलेच आहे. उरलेला प्रश्न अधिक कठीण आहे : पुढच्या पेत्रोव्हला शंका घेण्याइतकी जाण, वेळ आणि मुभा ही सरकारे देणार आहेत का?