हॉक्स नेस्ट बोगद्यातील मृतांची गणती

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील हॉक्स नेस्ट बोगद्याच्या स्मृतिफलकावर मृतांचे दोन आकडे आहेत. कबूल केले गेलेले मृत्यू १०९; अमेरिकन काँग्रेसपुढील चौकशीत निघालेले ४७६. डॉ. मार्टिन चर्निअॅक यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात तिसरा आकडा दिला, तो ७६४. एकाच घटनेविषयी एवढी तफावत का पडावी, हे पाहणे प्रस्तुत टिपणाचे प्रयोजन होय.

न्यू नदीचे पाणी वळवून वीज निर्माण करण्यासाठी युनियन कार्बाइडच्या एका उपकंपनीने १९३० मध्ये सुमारे तीन मैलांचा हा बोगदा खोदण्यास घेतला. कंत्राट राइनहार्ट अँड डेनिस यांचे होते. वाटेतील वालुकाश्म जवळजवळ शुद्ध सिलिका निघाला. तो धातुकामाच्या भट्टीस उपयुक्त, म्हणून तिकडे रवाना झाला! पाण्याविना छिद्रे पाडल्यास काम झपाट्याने होते. परंतु धूळ कोंडून राहते. आत उतरलेल्या सुमारे ३,००० मजुरांत बहुसंख्य दक्षिणेकडून आलेले, मंदीने बेकार झालेले कृष्णवर्णीय होते. अधिकारी मात्र मुखवटे लावून येत, असे १९३६ च्या चौकशीतील साक्षींत नमूद आहे.

धोका अज्ञात होता, हा बचाव टिकणारा नाही. खाणीतील धुळीने फुफ्फुसे झडतात हे अॅग्रिकोलाने १५५६ मध्येच लिहिले होते. 'सिलिकोसिस' हे नाव १८७० पासूनचे. छिद्रे पाडताना पाणी वापरण्याची रीत दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत विसाव्या शतकाच्या आरंभीच रूढ होऊ लागली होती.

ज्ञान होते, नोंद नव्हती. सिलिकोसिस सामान्यतः वर्षानुवर्षांनी प्रकट होतो. येथे तो काही महिन्यांतच आला. तथापि तोवर पुष्कळ मजूर काम सोडून गावोगाव पांगले होते. मृत्यूचे कारण बहुधा न्यूमोनिया असे लिहिले जाई. समर्सव्हिल येथील एका शेतात काही मृतांना नावाच्या खुणेविना पुरण्यात आले. १९३३ मध्ये दाव्यांत तडजोड झाली तेव्हा मजुरांच्या वकिलांनी आपली कागदपत्रे प्रतिपक्षाच्या स्वाधीन केली; संशोधकाच्या दृष्टीने हाच सर्वांत मोठा घात.

म्हणूनच चर्निअॅक यांचा आकडा नावांची मोजदाद नव्हे. निदान दोन महिने बोगद्यात राबलेल्या १,२१३ मजुरांविषयी त्यांनी केलेले ते अनुमान आहे. आमच्या मते तिन्हींत तेच अधिक ग्राह्य. कारण १०९ ही कबुलीची मर्यादा आहे, मृत्यूंची नव्हे. पण ते अनुमान म्हणूनच उद्धृत करावे. (१९८४ च्या भोपाळ दुर्घटनेतही युनियन कार्बाइडचेच नाव येते, आणि मृतांच्या संख्येवरील वाद तेथेही मिटलेला नाही.)

समर्सव्हिलच्या शेतातील अवशेष १९७२ मध्ये रस्ता रुंद करावयाचा म्हणून उकरून अन्यत्र हलविण्यात आले.